मिनिटाला सतरा

आकडा सतरा आला आणि ओटिलीला पान्हा फुटला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे तिला कळत होतं. दहा वाजले होते, ही वाल्लीच्या दुधाची वेळ, आणि आठ महिन्यांच्या पोरीच्या आईचं अंग घड्याळाकडे न बघता घड्याळ पाळतं. तरीपण कर्ण्यातून पडणारी ती टकटक आणि एप्रनच्या आत पसरत गेलेली ती ओली ऊब एकाच क्षणी आली, आणि एकाच क्षणी आलेल्या दोन गोष्टींत नातं शोधायचं, हेच तर व्हिएन्नाच्या विद्यापीठाने तिला सहा वर्षं शिकवलं होतं. सतरा. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी याच नळीने, याच शिशाच्या घरात, मिनिटाला अकरा दिले होते. वहीत होतं तसं, तिच्याच तिरक्या अक्षरात, ओळीने: अकरा, दहा, अकरा, बारा, अकरा. तेव्हा पोट टेबलाला टेकायचं आणि वही हात लांब करून लिहावी लागायची, म्हणून ते अक्षर इतकं तिरकं. आता पोट नव्हतं, टेबल जवळ आलं होतं, अक्षर सरळ झालं होतं, आणि आकडा मात्र सहाने चढला होता.

शिशाचं घर तिच्या एकटीच्या ताब्यातलं होतं. टेबलावर मावेल एवढं, मुलींच्या बाहुलीघराएवढं, पण ना खिडकी, ना धुराडं; वीतभर जाडीच्या भिंती आणि आत बोटभर लांबीची एक नळी, ॲल्युमिनियमच्या पातळ कातडीची. तिच्यातून एखादा किरण आरपार गेला की कर्णा एकदा टक् करायचा. इमारतीच्या विटांतून किरण येत, खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या रेडियमकडून येत, जिन्याच्या दगडांतून येत. ते सगळे शिशाने बाहेरच अडवायचे आणि मग जे उरेल ते ऐकायचं, एवढंच तिचं काम. जे उरतं ते वरून येतं, आभाळातून, आणि ते का येतं हे १९३१ सालच्या डिसेंबरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. लोकांना वाटे, प्रयोग म्हणजे काहीतरी शोधणं. ओटिलीला वाटे, प्रयोग म्हणजे अडवणं. युद्धाच्या हिवाळ्यात ती चौदा वर्षांची होती. तिची आई खिडकीच्या दोन तावदानांमधल्या खोबणीत उशा कोंबायची, उशा संपल्या की जुने परकर, परकर संपले की वर्तमानपत्रं. वारा अडला तरी शेवटी एक बारीक शीळ यायचीच. आई ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "थांब, ऐकू दे, कुठून येतेय." सगळ्या घराला गप्प करून आई ती शीळ ऐकत बसायची, आणि ओटिलीला ती अजून तशीच दिसे, एका हातात परकर, मान वाकडी. भौतिकशास्त्राची पहिली प्रयोगशाळा तीच.

"नळी ओळखायला लागली तुम्हाला, डॉक्टरबाई," शेजारच्या टेबलावरून डॉक्टर हासलिंगर म्हणाला. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान होता, अजून बिनलग्नाचा, आणि नाताळनंतरच्या या ओस आठवड्यात गावी न जाता संस्थेत येऊन बसायचा कारण इथली शेगडी त्याच्या खोलीतल्या शेगडीपेक्षा चांगली होती. "आई आली म्हणून बडबडतेय."

"काहीतरीच काय."

"अहो, बघूच ना. तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा. मी मोजतो."

ती बाहेर उभी राहिली. व्हरांड्यात फरशीच्या साबणाचा वास होता. आत टकटक चालली होती आणि दाराआडून ती मोजता येत नव्हती, नुसती जाणवत होती, जशी दुसऱ्या खोलीत झोपलेल्या बाळाची चुळबुळ. मग हासलिंगरने हाक मारली. "पंधरा. आता या." ती आत येऊन टेबलावर ओणवी झाली. एकोणीस. हासलिंगर खो खो हसला. "झालं! चार तुमचेच. रेडियम खाऊन आलात की काय?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "गंमत हो. चार इकडे, चार तिकडे. चालायचंच."

चालायचंच, हे तिलाही ठाऊक होतं. सतराच्या आसपास आकडा चारांनी हलणारच, याचं गणित ती पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची, फळ्यावर, सुंदर घंटेच्या आकाराची रेघ काढून. पण ती रेघ काढणारी ओटिली आणि रोज दुपारी एक वाजता घरी धावत जाऊन पोरीला छातीशी घेणारी ओटिली या दोघी एकाच कोटात असल्या तरी एकीचं दुसरी ऐकत नव्हती. दुसरीला रेघ दिसत नव्हती. तिला दिसत होतं एवढंच: मी दूर, पंधरा, मी जवळ, एकोणीस.

काय बदललं? हा प्रश्न वहीच्या डाव्या पानावर लिहायची सवय तिला डॉक्टर स्टांगलबाईंनी लावली होती. त्या तिच्या गुरू. सत्तरी गाठलेल्या, कायम करड्या कपड्यांत, आणि बोटांची टोकं वाळलेल्या जर्दाळूसारखी, सुरकुतलेली, तांबूस. वीस वर्षं रेडियमच्या नळ्या उघड्या हातांनी धरल्याची ती खूण. त्यांनीच तिला शिकवलं होतं की प्रत्येक किरणाचा अडसर वेगळा: एकाला कागद पुरतो, एकाला पत्रा, एकाला वीतभर शिसं, आणि एक असा येतो की त्याला काहीच पुरत नाही. "आणि पोरी," त्या सांगत, "स्वच्छता म्हणजे अर्धं भौतिकशास्त्र. उरलेलं अर्धं म्हणजे पुन्हा एकदा पुसणं." एकदा, विद्यार्थिनी असताना, ओटिलीच्या हातून एक कुपी निसटली होती. थेंबभर द्रव एप्रनवर. बाईंनी एप्रन उतरवून घेतला, तिचे हात तीनदा धुवायला लावले, आणि एप्रन कुठल्याशा पेटीत बंद केला. त्याला आठ वर्षं झाली. पण तो थेंब आता, व्हरांड्यातून येणाऱ्या साबणाच्या वासात, पुन्हा पडला. आठ वर्षांत तो काय फक्त एप्रनवरच राहिला असेल? केसांत? नखांत? हाडांत जाऊन बसतो म्हणतात. आणि हाडांतून दुधात यायला कितीसं अंतर?

वहीच्या डाव्या पानावर तिने लिहिलं: नळी तीच. तारा त्याच. टेबल तेच. घर तेच. मग, फार बारीक अक्षरात: मी.

घर तेच असं तिने लिहिलं, आणि त्यात तिला काही खोटं वाटलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला रजेवरून परत आल्यावर तिने घर पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा आतलं अस्तर, नळीभोवतीचे आठ पत्रे, काळे पडलेले, पांढरट भुकटी धरलेले होते. हे पत्रे कुठल्याशा पाडलेल्या मठाच्या छपरावरचे, दीडदोनशे वर्षं पाऊस खाल्लेले. शिशाची भुकटी बोटाला लागते, बोट पोरीच्या तोंडात जातं. तिने संस्थेचा कारागीर वोन्द्राचेक याला बोलावून ते काढायला लावले आणि नवे मागवले, ताजे ओतलेले, रुपेरी, इतके लख्ख की त्यात तिला आपलं नाक दिसलं. त्या दिवशी तिला दिवसभर प्रसन्न वाटत राहिलं होतं, जसं वाल्लीच्या पाळण्यात धुतलेली चादर घातल्यावर वाटतं. शिसं ते शिसंच. चादर बदलली म्हणून कुणी पाळणा बदलला म्हणत नाही.

त्या दुपारी ट्राममध्ये तिने हातमोजे काढले नाहीत. घरी पोचल्यावर ती आधी मोरीत गेली, कोपरापर्यंत साबण लावला, केस उकलून पुन्हा बांधले, कपडे बदलले, आणि मग वाल्लीच्या समोर जाऊन उभी राहिली. वाल्लीने दोन्ही हात वर केले. वरच्या हिरडीतून एकच दात आला होता, आणि तो दाखवायला ती कुणाकडेही बघून हसायची, टपालवाल्याकडेसुद्धा. ओटिलीने तिला काखेत धरून उचललं, हात लांब करून, आणि तशीच सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"आज मी नाही पाजत. बाटली द्या."

सासूबाईंचं नाव क्रेसेन्झ. पाच वर्षांपूर्वी विधवा झाल्यापासून त्या मुलाकडे राहत होत्या आणि त्यांचं म्हणणं होतं की त्या कुणाच्या मध्ये पडत नाहीत. "का गं? ताप आहे का तुला?"

"नाही."

"मग दूध आटलं?"

"नाही, आई."

"ताप नाही, आटलं नाही, मग पोरीला असं धरतेस कशाला, भट्टीतून काढलेल्या तव्यासारखं?"

ओटिली पुन्हा हात धुवायला मोरीत गेली. संध्याकाळी तिने नवऱ्याला अर्धवट काहीतरी सांगितलं. एगॉन शाळेत लॅटिन शिकवायचा, सज्जन माणूस, जगातल्या सगळ्या संकटांना तो आधी व्याकरण लावून बघायचा. त्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अगं, म्हणजे तुला *वाटतं* की *कळलंय*?" तिला रडूही आलं आणि हसूही. मग हसूच जास्त आलं, कारण वाल्लीने त्याच क्षणी बाटलीचं दूध फुर्रर करून आजीच्या चोळीवर उडवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ओटिली मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायची आणि पांढरी धार पाण्याबरोबर वळसे घेत जाताना बघायची. छाती दगड झाली होती, काख दुखत होती, आणि शेजारच्या खोलीत वाल्ली आजीच्या बाटलीशी भांडत होती. या सगळ्यात विचित्र म्हणजे ती दुःखी नव्हती. इतकी सावध होती की दुःखाला जागाच उरली नव्हती. संस्थेत ती मोजत राहिली. सतरा, अठरा, सोळा, सतरा. तिने नवा एप्रन घातला. सतरा. केसांना रुमाल बांधला. सतरा. अंगठी काढून ठेवली. अठरा.

वर्षाच्या शेवटच्या सकाळी ती कोटाच्या खिशात एक पत्र घालून निघाली. पत्र संचालकांना, चार ओळींचं: घरगुती कारणास्तव जागा सोडते. संचालक आज बाराला येणार होते, सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. ट्राममध्ये समोरच्या बाकावर एक बाई बदामी मिठाईचं, मार्झिपानचं, गुलाबी डुक्कर मांडीवर घेऊन बसली होती, शुभशकुनाचं, आणि त्याचा एक कान कुणीतरी आधीच खाल्लेला होता. ओटिलीला वाटलं, हे वाल्लीला दाखवायला हवं. मग आठवलं की आपण तीन दिवस वाल्लीला काहीच दाखवलेलं नाही. जागा सोडली की सगळं सोपं होईल, ती स्वतःला सांगत होती. पण सोपं कसं होईल, थेंब काय संस्थेत ठेवून येता येतो? आणि ती टकटक दुसरं कोण ऐकणार? हासलिंगर? तो मोजता मोजता शीळ वाजवायचा.

अकराच्या सुमाराला जिन्यावर आवाज झाला. आधी वोन्द्राचेकचा, मग एका बाईचा, मग, सगळ्यांच्या वर, जो आवाज ओटिलीने हजारांत ओळखला असता तो.

"डॉक्टरबाई, तुमचं पार्सल आलंय," वोन्द्राचेक दार उघडत म्हणाला. त्याच्या एका हातात सासूबाईंची पिशवी होती, दुसऱ्या हातात वाल्ली, लाल, ओली, संतापलेली. बोहेमियातून आलेला हा पन्नाशीचा माणूस संस्थेत काच फुंकण्यापासून शिसं ओतण्यापर्यंत सगळं करायचा आणि त्याला स्वतःची सहा पोरं होती. "आवाज चांगलाय. कर्णा लागत नाही."

"घे तुझी पोर," सासूबाई जिना चढून धापा टाकत म्हणाल्या. "काल रात्रीपासून घोट नाही घेतला. मी कुणाच्या मध्ये पडत नाही, पण उपाशी पोर घेऊन मी नव्या वर्षात जायची नाही."

"आई, इथे नका आणू तिला! इथे..."

"इथे काय वाघ आहे?"

तेव्हा ओटिलीने सांगितलं. एप्रनचे बंद हातात गुंडाळत, नळीकडे बघत, तीन दिवसांत नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते सगळं भडाभडा सांगितलं. थेंब, आठ वर्षं, अकरा, सतरा, पंधरा आणि एकोणीस. सांगून झाल्यावर खोलीत फक्त टकटक उरली, आणि वाल्लीसुद्धा ती ऐकायला रडं अर्ध्यावर सोडून गप्प झाली.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे ही पेटी सांगते, माणसात काय आहे ते?"

"तसंच काहीसं."

"मग बसलीस काय? विचार तिला. आधी माझं विचार. मी तुझ्या हातचं जेवते."

ओटिलीच्या तोंडून आपसूक हसू बाहेर पडलं. सासूबाई घराला खेटून बसल्या, फोटोला बसतात तशा, टोपी सरळ करून. सतरा. "वाईट की बरं?" "बरं. काहीच नाही." "काहीच नाही कसं? साठ वर्षं झाली मला." मग वोन्द्राचेक वाल्लीला कडेवर घेऊन बसला. दोघांचे मिळून सोळा. ओटिली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभी होती. सोळा म्हणजे काही नाही. पण अंगातलं अंगातच राहत असेल, भिंतीपलीकडून नळीला ऐकूच येत नसेल, तर? बाहेर बसून उपयोग नाही. आत घालायला हवं. पोर आत घालता येत नाही.

"दुलई द्या तिची," ती म्हणाली.

वाल्लीची दुलई लहान होती, फ्लॅनेलची, निळी, चारी कोपरे चोखून चोखून राठ झालेले. आठ महिने ओटिलीचा हात रोज त्या दुलईवर होता. दूध सांडायचं ते तिच्यावर, घाम पुसायचा तो तिनेच. आपल्या अंगातून काही बाहेर येत असेल तर ते सगळ्यात जास्त या दुलईत साठलेलं असणार. तिने विजेचा खटका बंद केला, घराचं शिशाचं दार काढलं, दुलईच्या चार घड्या करून नळीभोवती गुंडाळली, अगदी हळू, डोक्यावरून टोपरं बांधावं तशी, आणि दार परत लावून खटका दिला. तिने ठरवलं होतं की एका मिनिटावर विश्वास ठेवायचा नाही, पाच मिनिटं मोजायचं. वीस आले तर पत्र. तीस आले तर, तीसच्या पुढचं तिला सुचेना.

"लिहायला कागद?" वोन्द्राचेकने विचारलं. वही पलीकडच्या टेबलावर होती. तिने कोटाच्या खिशातून हाताला लागला तो कागद काढून दिला.

पहिल्या मिनिटाला बारा.

"चुकलात," ओटिली म्हणाली.

"सहा पोरं मोजतो मी रोज निजताना. चुकत नाही."

दुसऱ्याला तेरा. मग अकरा. मग बारा. मग पुन्हा बारा. हासलिंगर कुठून तरी कॉफी पिऊन आला होता आणि दारातच थबकला होता. "यात काय घातलंत? कमी कसे झाले?"

"दुलई."

"कसली?"

"माझ्या मुलीची."

तिने दुलई काढली. सतरा, अठरा. तिने खुंटीवरचा स्वतःचा एप्रन गुंडाळला, तीन दिवसांपूर्वीचा, जुना, न धुतलेला. तेरा. तिचं डोकं अचानक थंड आणि रुंद झालं होतं, खिडकीतल्या उशा सगळ्या एकदम काढल्यासारखं. कापडात काही असतं तर आकडा चढला असता. आकडा उतरला. म्हणजे कापड देत नाही, कापड अडवतंय. चार घड्या फ्लॅनेल अडवेल असं किरकोळ काहीतरी, जे बाहेरून येणं शक्य नाही, कारण बाहेर वीतभर शिसं आहे. म्हणजे ते नळी आणि शिसं यांच्या मधूनच निघतंय. मध्ये काहीच नाही. मग शिशातून. आतल्या अस्तरातून. लख्ख, रुपेरी, नाक दिसणाऱ्या...

"अरे देवा," ती म्हणाली. "मी चादर बदलली!"

सासूबाईंनी वोन्द्राचेककडे बघितलं. वोन्द्राचेकने खांदे उडवले.

तिला हे माहीत होतं. हीच तर मौज. विद्यार्थिनी असताना तिने यावर टिपण काढलं होतं, लाल शाईने अधोरेखित करून: ताज्या शिशात खाणीतलं एक किरण सोडणारं भावंड मिसळून येतं, ते शिशापासून वेगळं काढता येत नाही, ते वर्षानुवर्षं बारीक बारीक बोलत राहतं, आणि शंभर दोनशे वर्षांनी कुठे त्याचा आवाज संपतो. म्हणूनच आधीच्या कुणीतरी शहाण्या माणसाने आतल्या अस्तरासाठी मठाच्या छपराचे पत्रे वापरले होते. ते काळे होते, भुकटी धरलेले होते, आणि ते मुके होते. तिने घाण म्हणून शांतता काढून टाकली होती आणि स्वच्छ म्हणून गोंगाट आणून बसवला होता. स्टांगलबाई इथे असत्या तर जर्दाळूसारखं बोट हलवून काय म्हणाल्या असत्या? बहुतेक काहीच नाही. हसल्या असत्या. पुन्हा एकदा पुसायला सांगितलं असतं.

"म्हणजे हे शिसं बोलतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नवं असलं की बोलतं, आई. तान्ह्या बाळासारखं. म्हातारं झालं की गप्प होतं."

"आमच्या घरी उलटं आहे," वोन्द्राचेक म्हणाला, आणि सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर वाल्लीच्या टोपऱ्यात लपवली.

"आणि पंधरा-एकोणीस?" हासलिंगरने हळूच विचारलं.

"चार इकडे, चार तिकडे," ओटिली म्हणाली. "चालायचंच. वोन्द्राचेक, जुने पत्रे कुठे आहेत?"

इथे वोन्द्राचेकचा चेहरा पहिल्यांदाच पडला. त्याने वाल्लीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "आहेत. म्हणजे असं बघा डॉक्टरबाई, तुम्हीच म्हणालात फेकून द्या. मठाच्या छपराचं शिसं, आणि आज वर्षअखेर. आज संध्याकाळी सगळं गाव चमच्यात शिसं वितळवून पाण्यात ओतणार, पुढच्या वर्षी काय आहे ते बघायला. त्यात मठाचं शिसं म्हणजे... बायको म्हणाली, असलं शिसं कधी खोटं बोलायचं नाही."

"विकलंत?"

"छे! घरच्यासाठी ठेवलं होतं. खाली माझ्या खोलीत आहेत, बाकाखाली. सात."

"आठ होते."

"एक तिने ओतून बघितला. खात्री करायला."

तो वाल्लीला सासूबाईंकडे देऊन खाली गेला आणि खालून वर येताना कुणीतरी लोखंडी पलंग ओढत आणतंय असा आवाज आला. सात काळे पत्रे, आणि कागदाच्या पुडीत, वितळून पाण्यात पडून गोठलेला एक ओबडधोबड गोळा. गोळा टेबलावर ठेवला तेव्हा सगळे त्याच्याभोवती वाकले. कितीही शिकलेला असला तरी व्हिएन्नातला माणूस असल्या गोळ्याकडे बघितल्याशिवाय राहत नाही. हासलिंगरला त्यात जहाज दिसलं, म्हणजे प्रवास. वोन्द्राचेकच्या बायकोला म्हणे बूट दिसला होता, आणि बूट म्हणजे सातवं पोर. सासूबाईंनी गोळा डोळ्यांपासून लांब धरला. "जहाजही नाही आणि बूटही नाही. शिसं आहे. ठेव तुझ्या पेटीत. आमच्याकडे घरी डबाभर आहे, माझ्या सासूच्या वेळचं, दरवर्षी तेच ओततो. त्यातलं थोडं घेऊन जा हो तुम्ही, सहा पोरांना भविष्य नको का."

"बाईसाहेब, तुमचं कल्याण होवो."

हासलिंगरने नवे पत्रे उपसले आणि जुने बसवले, हातमोजे घालून, ओटिलीच्या नजरेखाली. आठव्याच्या जागी फट राहिली. त्या फटीत तिने तो गोळा बसवला, जहाज की बूट की काही नाही, वळवून वळवून, आणि एका बाजूने तो असा नेमका रुतला की जणू त्यासाठीच ओतला होता. शिशाचं दार लागलं. तिने हात धुतले, एकदाच, आणि सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली. वाल्लीने हात वर केले नाहीत. तीन दिवसांत पोरं शिकतात. तिने एकच दात दाखवायचा की नाही याचा विचार केला, आईकडे बघत, खालचा ओठ बाहेर काढून, अगदी एगॉनसारखी, जणू विचारत होती, वाटतं की कळलंय? मग ओटिलीने तिला काखेत धरून उचललं आणि या वेळी हात लांब ठेवले नाहीत.

"वळा पलीकडे," सासूबाईंनी पुरुषांना फर्मावलं. "मोजायचं ते कानांनी मोजा."

शिशाच्या घराला पाठ टेकून ओटिली स्टुलावर बसली. वाल्ली आधी चिडून चावली, मग ओढायला लागली, आणि दगड झालेली छाती इतक्या वेदनेने आणि इतक्या सुखाने सैल होत गेली की तिला डोळे मिटावे लागले. कर्ण्यातून टक् आलं. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. तिच्या मनात खालच्या मजल्यावरचं कपाट होतं, जिना होता, विटा होत्या, एप्रनवरचा थेंब होता, सगळं शिशाच्या पलीकडे. आणि जे उरलं होतं ते वरून येत होतं, छपरातून, तिच्या केसांतून, पोरीच्या टाळूतून, दोघींमधून एकदमच, आणि त्याला कुठलीच वीट, कुठलीच उशी, कुठलाच परकर अडवत नव्हता. यापुढे तिला झोप लागणार नाही असं वाटायला हवं होतं. उलट पेंग आली. मिनिटाला अकरा, तिने मनात म्हटलं, एवढे चालतील. खालून फाटक वाजलं. संचालक आले असावेत.

"सात," वोन्द्राचेक भिंतीकडे तोंड करून मोजत होता. "आठ. नऊ." मोठी शांतता. "दहा." त्याहून मोठी. "अकरा." घड्याळाचा काटा वर यायला तीन सेकंद होते, आणि त्या तीन सेकंदांत वाल्लीने छाती सोडली, नाक आक्रसलं आणि शिंकली.

"बारा," वोन्द्राचेक म्हणाला.

हासलिंगर भिंतीकडे बघत हसला. ओटिलीने वाल्लीचं नाक पुसलं, मोकळ्या हाताने टेबलावरचा कागद ओढला, आणि पत्राच्या चार ओळींच्या पाठीमागे, वोन्द्राचेकच्या आकड्यांखाली, बारा लिहिलं, आणि ते खोडलं नाही.